जॉन वुलमन : एका शिंप्याचें शिष्यत्व

ख्रिस्ती धर्माचा इतिहास म्हटला कीं पोप, धर्मपरिषदा, मठ, धर्मयुद्धें आणि पंथभेद हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. महाविद्यालयांत युरोपचा इतिहास शिकवितांना आम्हीही तेंच करतों. कारण परीक्षेंत प्रश्न ल्यूथरवर येतो, ल्यूथरच्या गांवच्या चांभारावर येत नाहीं. परंतु ज्याला ख्रिस्ताचें शिष्यत्व म्हणतात त्याची कसोटी परिषदेंत क्वचितच लागते. ती लागते दुकानाच्या गल्ल्यापाशीं, जेवणाच्या ताटापाशीं आणि कापडाच्या ठाणापाशीं. रविवारीं ऐकलेलें वचन सोमवारीं तागडींत घातल्यावर किती भरतें, याचा हिशेब प्रामाणिकपणें लिहून ठेवणारीं माणसें जगांत फार थोडीं झालीं. अठराव्या शतकांत अमेरिकेंतील न्यू जर्सी वसाहतींत होऊन गेलेला जॉन वुलमन हा त्यांपैकीं एक होय. तो ना विद्वान्, ना धर्माधिकारी. प्रथम दुकानदार आणि नंतर शिंपी. त्याची रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर १७७४ सालीं छापली गेली आणि तेव्हांपासून ती वाचली जात आहे. चार्ल्स लॅंबसारख्या रसिक निबंधकारासही तिचें वेड होतें.

वुलमनचा जन्म १७२० सालीं रॅंकोकस नदीकांठच्या एका शेतकरी कुटुंबांत झाला. तेरा भावंडांत तो चौथा. घराणें क्वेकर पंथाचें. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्सच्या उपदेशांतून इंग्लंडांत उदय पावलेला हा पंथ स्वतःस मित्रसमाज म्हणवितो. त्या काळच्या क्वेकरांच्या उपासनेंत पगारी उपदेशक नसे, ठराविक प्रार्थना नसे. सारे जण मुकाट्यानें बसत आणि ज्याच्या अंतःकरणांत प्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोले. हे लोक शपथ घेत नसत, शस्त्र धरीत नसत आणि कोणा बड्या माणसापुढें टोपीही काढीत नसत. कारण प्रत्येक मनुष्याच्या ठायीं ईश्वराचा प्रकाश आहे अशी त्यांची श्रद्धा. असें असूनही पेनसिल्व्हेनिया व न्यू जर्सी येथील पुष्कळ सुखवस्तु क्वेकरांच्या घरीं आफ्रिकी गुलाम राबत होते, आणि त्यांचे मालक सभेंत डोळे मिटून त्याच प्रकाशाची वाट पाहत बसत. वाचकांनीं यावर फार आश्चर्य करूं नये. सर्वांभूतीं एकच आत्मा पाहणाऱ्या आमच्या अद्वैतानें गांवच्या विहिरीवर कोणाकोणाला पाणी भरूं दिलें नाहीं, हें आपणांस ठाऊकच आहे.

एकविसाव्या वर्षीं वुलमन माउंट हॉली या गांवीं एका दुकानदाराकडे हिशेबनीस म्हणून राहिला. तेथें थोड्याच दिवसांत ती गोष्ट घडली जिनें त्याच्या आयुष्याला दिशा दिली. मालकाच्या घरीं एक काळी दासी होती. ती त्यानें विकली आणि वुलमनला सांगितलें, खरेदीखत लिही, घेणारा बाहेर थांबला आहे. मालकाचा हुकूम, वर्षाच्या कराराची नोकरी, घेणारा म्हातारा आणि तोही आपल्याच पंथांतला! वुलमननें खत लिहिलें. पण लिहीत असतांना त्याच्या जिवाची इतकी कालवाकालव झाली कीं मालक आणि खरेदीदार या दोघांसमक्ष तो बोलून गेला, माणसांना गुलाम करून ठेवणें हें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें मला वाटतें. बोलला खरा, परंतु खत लिहून झालें होतें. नुसत्या बोलण्यानें मनाची टोंचणी कांहीं कमी झाली, पुरती गेली नाहीं, असें त्यानें पुढें लिहून ठेवलें आहे. कांहीं काळानें दुसऱ्या एका तरुणानें त्याला तसेंच खत लिहावयास सांगितलें, तेव्हां त्यानें शांतपणें नकार दिला.

आमच्या मतें वुलमनच्या चरित्राचें मर्म येथें आहे. गुलामगिरीविरुद्ध त्याच्याही आधीं लोक बोलले होते. जर्मनटाउनच्या कांहीं क्वेकरांनीं १६८८ सालींच लेखी निषेध केला होता. वुलमनचें वैशिष्ट्य हें कीं अन्याय आपल्या हातांत कोठें येऊन पोंचतो हें त्यानें अचूक शोधून काढलें. जगांतील गुलामगिरी त्याच्या हातांत नव्हती. लेखणी मात्र होती.

त्याचें अक्षर चांगलें, कायद्याची भाषा त्याला येई, त्यामुळें आसपासचे लोक मृत्युपत्रें लिहून घेण्यासाठीं त्याच्याकडे येत. या कामाचे पैसेही बरे मिळत. एकदां पंथांतील एक प्रतिष्ठित वृद्ध आला. त्याच्या मृत्युपत्रांत गुलाम मुलांस द्यावयाचे होते. वुलमन म्हणाला, हें लिहिलें तर माझ्या मनाची शांति मोडेल. म्हाताऱ्यानें दुसऱ्याकडून लिहून घेतलें. कांहीं वर्षांनीं तो पुन्हा आला. ज्या मुलाला गुलाम द्यावयाचे होते तो पूर्वीं उनाड होता, आतां सुधारला आहे. तेव्हां वुलमनची हरकत राहिली नसेल, अशी त्या भल्या गृहस्थाची समजूत! हरकत मुलाच्या चालचलणुकीवर नसून मुळांत माणूस वारशांत देण्यावर आहे, हें त्याच्या डोक्यांत तोंवर शिरलेंच नव्हतें. दोघे स्नेहानें बोलले, म्हातारा परत गेला, आणि थोड्या दिवसांनीं येऊन त्यानें गुलामांना मुक्त करण्याचें कलम घालून मृत्युपत्र लिहून घेतलें. दुसरा एक शेजारी जखमी होऊन अंथरुणास खिळला होता. वुलमननें त्या काळच्या रीतीप्रमाणें त्याचें रक्त काढलें, मृत्युपत्र लिहून घेतलें, परंतु त्यांतील दासीविषयींचें कलम तेवढें गाळलें. आणि बिछान्याजवळ बसून सांगितलें कीं मजुरी नको, पण एवढें मला लिहवत नाहीं. त्या आजाऱ्यानें विचार केला आणि दासीला मुक्त करण्याचें कबूल केलें. मग राहिलेलें कलम लिहिलें गेलें.

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वुलमननें कोणास शिव्याशाप दिले नाहींत, कोणाला ढोंगी म्हटलें नाहीं. त्याच काळीं बेंजामिन ले नांवाचा एक क्वेकर होता. उंचीनें जेमतेम चार फूट, पण आवाजानें सभा हलविणारा. १७३८ सालीं बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेंत तो झग्याखालीं लष्करी पोशाख व तलवार घालून आला. बायबलसारखें दिसणारें एक पोकळ पुस्तक त्यानें बरोबर आणलें होतें आणि त्याच्या आंत तांबड्या रसाची पिशवी दडविली होती. गुलामांच्या मालकांचा धिक्कार करून त्यानें त्या पुस्तकांत तलवार भोंसकली आणि तो रक्तासारखा रस शेजारच्यांच्या अंगावर उडाला. समाजानें ले यास बहिष्कृत केलें. कोणी म्हणेल, वुलमनच्या सौम्यपणापेक्षां हा आवेश बरा. परंतु दोहोंची तुलना करण्याचें कारण नाहीं. ले यानें लोकांची झोंप मोडली. जागे झालेल्यांपाशीं बसून बोलण्याचें काम वुलमननें केलें.

१७४६ सालीं तो एका सोबत्यासह दक्षिणेकडील मेरिलंड, व्हर्जिनिया व कॅरोलायना या वसाहतींत फिरून आला. तेथें गुलामांच्या श्रमावर पोसलेल्या घरांत पाहुणचार घेतांना त्याच्या घशाखालीं घास उतरेना. परत आल्यावर त्यानें याविषयीं एक निबंध लिहिला, पण छापण्याची घाई केली नाहीं. तो १७५४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि दुसरा भाग १७६२ सालीं. १७५७ सालीं तो पुन्हा दक्षिणेस गेला, तेव्हां त्यानें चांदीचीं लहान लहान नाणीं बरोबर घेतलीं. ज्या घरीं मुक्काम होई तेथून निघतांना तो यजमानास एकांतीं गांठून पैसे देई, आणि तुमच्या गुलामांपैकीं ज्यांना ते उपयोगी पडतील त्यांना द्या म्हणून विनवी. कधीं स्वतःच्या हातानें देई. पाहुण्यानें यजमानास पैसे देणें म्हणजे त्याचा अपमान. वुलमनलाही या गोष्टीचा फार संकोच वाटे; कित्येकदां निघण्याच्या आदल्या रात्रीं तो अस्वस्थ असे. पण हिशेब त्याच्या दृष्टीनें सरळ होता: अंथरूण घातलें कोणी, चूल पेटविली कोणी, आणि मोबदला कोणाला? यजमानांपैकीं बहुतेकांनीं थोड्या बोलण्यानंतर ते पैसे घेतले असें तो सांगतो. त्या वेळीं त्यांच्या मनांत काय आलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

इतक्यांत त्याचा स्वतःचा धंदा वाढत होता. शिवणकाम शिकून त्यानें माउंट हॉलीस दुकान थाटलें होतें. कापड, बटणें, किरकोळ जिन्नस, पुढें आणखी कांहीं. गिऱ्हाईक विश्वासू माणसाकडे येतें, आणि वुलमनइतका विश्वासू दुकानदार दुसरा कोण? सामान्य मनुष्य यास ईश्वराची कृपा म्हणेल. वुलमनला तें ओझें वाटूं लागलें. लोक ऐपतीबाहेर उंची माल उधारीवर नेतात, मग कर्जांत बुडतात, कज्जे होतात, आणि या साखळींत आपण एक कडी आहों हें त्याच्या ध्यानांत आलें. तेव्हां १७५६ च्या सुमारास त्यानें दुकान हळूहळू आंखडलें, गिऱ्हाइकांना दुसऱ्या दुकानांकडे वाट दाखविली, आणि शिवणकाम व सफरचंदाच्या रोपांची बाग एवढ्यावर निर्वाह ठेवला. येथें मराठी वाचकास देहूच्या वाण्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविल्याची कथा परंपरेनें तुकोबांविषयीं सांगितली आहे. फरक एवढाच कीं वुलमननें धंदा बुडविला नाहीं, मापून कमी केला. दुष्काळानें व दैवानें तुकोबांचें दुकान मोडलें. वुलमननें आपलें चालतें दुकान मोडलें. या दोहोंत अधिक कठीण काय, हें ठरविण्याचा अधिकार दुकान चालवून पाहिलेल्यांस आहे, आम्हां पगारी मास्तरांस नाहीं.

या त्यागाचा भार दुसऱ्या कोणी उचलला असेल, हाही विचार मनांत येतो. १७४९ सालीं त्याचें सारा एलिस हिच्याशीं लग्न झालें. त्यांस मेरी नांवाची मुलगी होती. रोजनिशींत लग्नाविषयीं जेमतेम दोन ओळी आहेत. दुकान बंद झालें तेव्हां सारा काय म्हणाली, नवरा महिनोन् महिने फिरतीवर असतां घर कसें चाललें, याविषयीं वुलमन बोलत नाहीं. आमच्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनीं १९३४ पासून 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध केलीं, म्हणून रेव्हरंड टिळकांच्या औदार्याची स्वयंपाकघराकडील बाजू आपल्याला दिसली. कवीनें घरांतली वस्तु वाटेवरच्या माणसाला देऊन टाकावी आणि उद्यांच्या स्वयंपाकाची विवंचना बायकोनें करावी, ही कथा त्यांनीं हंसत हंसत सांगितली. साराच्या बाजूची तशी कथा आपल्यापुढें नाहीं, आणि त्यामुळें वुलमनचें चित्र एका अंगानें अपुरें राहिलें आहे असें आम्हांस वाटतें.

१७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेंत गुलामांचा प्रश्न निकराला आला. बरेच जण म्हणत होते, आज घाई नको, ईश्वरच कांहीं मार्ग दाखवील. वुलमन बराच वेळ गप्प बसला होता. मग तो उठला, आणि दडपलेल्यांचा आक्रोश ईश्वराच्या कानीं पोंचला आहे, आपल्या स्वार्थासाठीं किंवा मित्रांच्या भिडेसाठीं आपण कर्तव्य लांबणीवर टाकलें तर त्याचा जबाब द्यावा लागेल, अशा आशयाचें थोडकें बोलला. सभेचा कल फिरला. यापुढें जो गुलाम विकत घेईल वा विकील त्याला समाजाच्या कारभारांत भाग नाहीं आणि त्याची वर्गणीही घ्यावयाची नाहीं, असें ठरलें. गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघर जाऊन त्यांच्याशीं बोलण्यासाठीं एक मंडळी नेमली गेली, तींत वुलमन होता. म्हाताऱ्या ले यास ही वार्ता कळली तेव्हां, आतां मी सुखानें मरेन, असें तो म्हणाल्याचें सांगतात. पुढच्याच वर्षीं तो वारला. घरोघर हिंडण्याचें हें काम वर्षानुवर्षें चाललें. वुलमननें त्याचें वर्णन फार थोडक्यांत केलें आहे. बहुधा तें वर्णन करण्यासारखें नव्हतेंच. ओळखीच्या माणसाच्या दिवाणखान्यांत बसून त्याच्या मिळकतीवर बोलणें यापेक्षां अवघड जागा दुसरी कोणती? १७७६ सालीं फिलाडेल्फियाच्या सभेनें गुलाम न सोडणाऱ्या सभासदांना समाजाबाहेर काढण्याचा नियम केला. वुलमन तो पाहावयास जिवंत नव्हता. आणि हेंही नमूद केलें पाहिजे कीं गुलाम मुक्त करणाऱ्या या समाजाच्या अनेक सभागृहांत काळ्या उपासकांसाठीं बांक मात्र निराळा राहिला.

आतां त्याच्या कपड्यांकडे वळूं. १७६१ च्या सुमारास एका आजारानंतर त्यानें रंगविलेलें कापड वापरणें सोडण्याचें ठरविलें. जुने कपडे मात्र टाकून दिले नाहींत. ते झिजतील तसतसे बिनरंगाचे शिवले. कारणें त्यानें दिलीं तीं शिंप्याला शोभणारीं आहेत: रंगानें कापडाचें बळ कमी होतें, रंग मळ झांकतो, आणि मळ झांकण्यापेक्षां तो धुणें बरें. रंगाची नीळ त्या वेळीं दक्षिण कॅरोलायनांत गुलामांच्या हातून पिकत असे हेंही खरें, पण वुलमनचा भर स्वच्छतेवर व साधेपणावर दिसतो. पुढें त्यानें टोपीही फरच्या मूळ रंगाची केली. दैवदुर्विलास असा कीं नेमक्या त्याच वेळीं पांढऱ्या टोपीची फॅशन निघाली होती! त्यामुळें सभेंतील साधी मंडळी त्याला नटवा समजूं लागलीं, आणि जुने स्नेही अंतर ठेवून वागूं लागले. याचें त्याला फार वाईट वाटलें. पण खुलासे करीत तो हिंडला नाहीं, आणि टोपीही बदलली नाहीं.

साखर त्यानें सोडली, कारण ती वेस्ट इंडीजच्या मळ्यांतील गुलामांच्या घामाची. येथें एक आक्षेप येतो व तो हलका नाहीं: एका शिंप्यानें चहांत साखर न घातल्यानें बार्बेडोसच्या एका तरी गुलामाची बेडी तुटली काय? आपल्याकडे परदेशी कापडावरील बहिष्काराच्या काळींही हाच प्रश्न विचारला जाई. बहिष्कार हें शस्त्र आहे. त्याचें यश संख्येवर अवलंबून असतें. वुलमनचा नकार शस्त्र नव्हता. ज्या मालांत अन्याय मुरला आहे तो घेणें म्हणजे त्या अन्यायाला हातभार लावणें, आणि माझा हात मी आंवरूं शकतों, एवढेंच त्याचें म्हणणें. आपण पूर्वीं दुकानांत याच मळ्यांची रम, साखर व काकवी विकली, याचीही नोंद त्यानें केली आहे, आणि त्या नफ्याचें काय करावें या विचारांत कित्येक दिवस घालविले आहेत. एवढ्या बारीक हिशेबांत अहंकार शिरण्याचा धोका असतो, सोवळेपणाचा असतो तसाच. वुलमनला त्यांतून सोडविलें तें त्याच्या संकोचानें. आपला नियम त्यानें दुसऱ्यावर कधीं लादला नाहीं. पुढें १७९१ पासून इंग्लंडांत हजारों कुटुंबांनीं साखर सोडली, तेव्हां या नकाराला संख्याही मिळाली. नंतर तर ईस्ट इंडियाची साखर गुलामांनीं केलेली नाहीं अशीं अक्षरें घातलेलीं साखरेचीं भांडीं तेथें विकलीं जात. हिंदुस्थानांत ही साखर पिकविणारा रयत किती सुखी होता, हें त्या भांड्यांवर लिहिण्यास जागा नसावी.

१७७२ सालीं वुलमन इंग्लंडास निघाला. जहाजाच्या वरच्या खोल्यांवर नक्षीकाम होतें व त्याचा खर्च भाड्यांत धरला होता. म्हणून त्यानें खालच्या भागांत खलाशांबरोबर जागा घेतली. पांच आठवड्यांहून अधिक काळ तो त्या दमट, कोंदट जागेंत राहिला, आणि खलाशांच्या कोंवळ्या पोरांचे हाल पाहून त्यानें जें लिहिलें तें आजही वाचवत नाहीं. जूनमध्यें लंडनला उतरून तो तडक क्वेकरांच्या सभेंत गेला. पांढरी टोपी, पांढरा अंगरखा, प्रवासानें मळलेला हा मनुष्य पाहून तेथील सभ्य मंडळी दचकली. कोणी सुचविलें कीं या बंधूनें आपलें काम झालें असें समजून परत जावें. वुलमनच्या डोळ्यांत पाणी आलें. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, मला परत जाववत नाहीं. परंतु तुमच्यावर भार होण्याची इच्छा नाहीं. मला शिवणकाम येतें, तें कोणी दिलें तर मी पोट भरीन. मग पुन्हा शांतता. कांहीं वेळानें प्रेरणा झाली तेव्हां तो उठून बोलला, आणि सभा विरघळली.

लंडनहून तो पायींच उत्तरेस निघाला. टपालाच्या व उतारूंच्या गाड्या दिवसरात्र मिळून शंभरांवर मैल धांवत; घोडे उर फुटून मरत, हिंवाळ्यांत गाडीवरचे पोरगे गारठून मरत. म्हणून वुलमन गाडींत बसला नाहीं, आणि किरकोळ कामासाठीं मला टपालानें पत्रें धाडूं नका असें त्यानें स्नेह्यांस सांगितलें. वाटेंत त्यानें बाजारभाव टिपले आहेत: गहूं आठ शिलिंग बुशेल, राय पांच शिलिंग, लंडनकडील मजुराचा रोज दहा पेन्स. म्हणजे साठ पौंडांच्या आसपास गव्हासाठीं साडेनऊ दिवसांहून अधिक राबावयाचें. अर्थशास्त्राचा प्राध्यापक येथें तक्ता काढील. वुलमन पुढच्या ओळींत लिहितो कीं पुष्कळ गरीब लोक नुसत्या भाकरीपाण्यावर राहतात आणि त्यांचीं मुलें अक्षर शिकत नाहींत. रंगाऱ्यांच्या वस्तींतून जातांना गटारांतील रंगीत घाणीवर पाय पडले, तेव्हां स्वच्छ कापडाचा विचार त्याच्या मनांत पुन्हा आला.

यॉर्कला पोंचल्यावर थोड्याच दिवसांत त्याला देवी आल्या. तेथील एका क्वेकर कुटुंबानें त्याची शुश्रूषा केली. औषध घेण्यास त्याची ना नव्हती. फक्त तें जुलमाच्या हातांतून आलेलें नसावें, एवढेंच म्हणणें. ७ ऑक्टोबर १७७२ रोजीं तो वारला आणि बिशपहिल येथील क्वेकरांच्या स्मशानभूमींत त्याला पुरलें. मरण्यापूर्वीं त्यानें शवपेटीविषयीं सूचना सांगून ठेविल्या होत्या. पेटी साधी असावी आणि ओक लांकडाची नसावी, अॅश लांकडाची असावी. कारण ओक इतर कामांस अधिक उपयोगी पडतो. देहाला स्वस्त फ्लॅनेल गुंडाळावें. आणि या सर्वाचा व थडगें खणण्याचा खर्च अंगावरचे कपडे देऊन भागवावा. पेटी करणारा व खणणारा यांचें देणें फिटल्यावर जे उरतील ते कोणाला द्यावे, तेंही त्यानें सांगितलें होतें.